न सांगण्याचा ठराव

एप्रिल अर्धा सरला की इकडे वॉशिंग्टनजवळच्या हर्नडनमध्ये गाड्यांवर पिवळी भुकटी बसायला लागते. ओकच्या झाडांचे परागकण. माझा नवरा निखिल रोज सकाळी गाडीची काच पुसताना शिंकतो आणि म्हणतो, "यार, उद्यापासून बस." पण बसने काही जात नाही. याच दिवसांत घरांपुढच्या हिरवळीवर पाट्या उभ्या राहतात. घरातल्या मुलाचं नाव, त्याची शाळा, आणि तो यंदा पास होतोय ही बातमी. येणाऱ्या-जाणाऱ्या अनोळखी माणसांनाही ती कळावी असं घरच्यांना वाटत असतं.

नागपूरला माझा एप्रिल म्हणजे कॉलेजच्या लायब्ररीतली अभ्यासिका. वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास, गरगरणारा कूलर, आणि पुस्तकावर मान टाकून झोपलेल्या मुली. मी तिथे नऊ वर्षं ग्रंथपाल होते. झोपलेल्या मुलींना मी उठवत असे आणि पुस्तक नीट मिटून ठेवत असे. माझ्या हातून कुणाचं तरी शिक्षण होतंय, असं तेव्हा मनोमन वाटायचं. ते कितपत खरं होतं, हे मला पुष्कळ नंतर, इथल्या एका वसंतात कळलं.

त्या वसंताला आता चार वर्षं झाली. मी तेव्हा निखिलच्या व्हिसावर आले होते आणि मला नोकरी करायची परवानगी नव्हती. आमची मुलगी ईरा दहा वर्षांची, शाळेत रमलेली. मी आठवड्यातून तीन दिवस इथल्या सार्वजनिक लायब्ररीत फुकट काम करायला जाई. परत आलेली पुस्तकं जागेवर लावणं, एवढंच. तिथली ग्रंथपाल तिशीतली हसरी मुलगी होती. एक दिवस ती माझ्यापाशी आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "मेधा, तुला जोडून लिहिलेलं इंग्रजी वाचता येतं का? शाईने, हाताने लिहिलेलं?"

मी म्हटलं, "येतं की. चार रेघी वहीत हात दुखेपर्यंत गिरवलंय."

"मला नाही येत," ती म्हणाली. "आमच्या वेळी शाळेत शिकवणं बंद झालं होतं. बाहेर एक बाई बसल्यात. त्यांच्याकडे सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या वह्या आहेत."

त्या बाई म्हणजे मिस ओपल. इकडे वडीलधाऱ्या बाईला, लग्न झालेलं असो-नसो, मानाने मिस म्हणतात. वय अठ्ठ्याऐंशी. जांभळा कोट, त्यावर मोत्याची पिन, आणि मांडीवर बुटांचं एक खोकं. नजरेचा मधला भाग गेला होता. समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नसे, कडेकडेचं थोडं दिसे. त्यामुळे बोलताना त्या मान जराशी वळवून, माझ्या कानाकडे पाहत असल्यासारख्या बसत. त्यांनी आयुष्यभर शाळेत शिकवलं होतं आणि हे सांगायची गरज नव्हती. त्यांनी पहिलं वाक्य उच्चारताच मी ताठ बसले.

"या वह्या कुणीतरी मला वाचून दाखवायला हव्यात," त्या म्हणाल्या. "आणि टाइप करायला हव्यात. जूनमध्ये आमच्या क्लबची सभा आहे. आम्ही पाचजणी उरलोय. क्लब बंद करायचा की नाही हे तेव्हा ठरेल. ठरवण्याआधी आम्ही काय बंद करतोय ते मला ऐकायचंय."

मी म्हटलं, माझे उच्चार तुम्हाला कळतील का. त्या म्हणाल्या, "मी छत्तीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतलाय, हनी. मला कुणाचेही उच्चार कळतात."

त्यांचं घर गावाबाहेरच्या एका गल्लीत होतं. गल्ली म्हणजे पंधरा-वीस बैठी घरं, एक विटांचं चर्च, आणि टोकाला कुंपण. कुंपणाच्या पलीकडे एकही खिडकी नसलेली प्रचंड मोठी इमारत, डेटा सेंटरची. तिची घरघर दिवसरात्र चालू. निखिल अशाच एका इमारतीत काम करतो, म्हणून ती घरघर माझ्या ओळखीची होती. पण तिच्याखाली कधीकाळी मक्याचं शेत होतं, आणि त्या शेताच्या अलीकडे कृष्णवर्णीयांची ही वस्ती गुलामी संपल्यानंतरच्या काळापासून उभी आहे, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. आम्ही रोज त्या वळणावरून ड्राइव्ह करत होतो.

क्लबला पाटीवरचं लांबलचक नाव होतं, पण गल्लीतल्या बायका त्याला नुसतं 'गुरुवार' म्हणत. कारण सरळ होतं. या बायका गोऱ्या लोकांच्या घरी स्वयंपाक, धुणं, मुलं सांभाळणं अशी कामं करायच्या आणि आठवड्यातून एकदा, गुरुवारी दुपारी, त्यांना सुट्टी असे. आठवडाभरात एकच दुपार स्वतःची. त्या दुपारी त्या डोक्याला हॅट घालून, हातमोजे चढवून चर्चच्या मागच्या खोलीत जमत आणि गल्लीतल्या मुलांच्या शिक्षणाचं बघत.

मीही गुरुवारीच जायला लागले. शाळा सुटली की ईराला घ्यायचं आणि थेट मिस ओपलकडे. जेवणाच्या टेबलावर वह्या पसरायच्या. ईरा कोपऱ्यात गृहपाठ करी. मी वाचायचे, मिस ओपल ऐकायच्या, मग मी लॅपटॉपवर उतरवायचे. चर्चच्या बाजूची खिडकी उघडी असे आणि टेबलाच्या काचेवरही ती पिवळी भुकटी येऊन बसे.

वहीतलं लिहिणं फार कोरडं होतं, क्लबातल्या प्रत्येक बाईच्या नावाआधी 'सिस्टर'. हजर कोण, प्रार्थना कुणी म्हटली, कोणती पत्रं आली, मग कामकाज, आणि शेवटी कोणतं गाणं झालं. पण त्या कोरड्या ओळी वाचता वाचता माझा आवाज हळूहळू बदलत गेला.

एका मुलीला हिवाळ्यात शाळेला जायला कोट नाही. सिस्टर अमुक आपला जुना कोट उसवून लहान करून देतील. शाळेत पृथ्वीचा गोल नाही. सिस्टर तमुक यांच्या मालकीणबाईंकडे माळ्यावर एक पडून आहे, त्या विचारून बघतील. पुढच्या गुरुवारी नोंद: विचारलं, नकार मिळाला. त्याच्या पुढच्या गुरुवारी: भोपळ्यावर कागद चिकटवून गोल तयार केला आहे, खंड रंगवायचं काम दोघींनी घेतलं आहे.

"तो भोपळा मी पाहिलाय," मिस ओपल म्हणाल्या. "वसंतापर्यंत आफ्रिका सडायला लागली होती. मग दुसरा केला."

या गल्लीतल्या शाळेला पुस्तकं मिळत ती गोऱ्या मुलांच्या शाळेतून जुनी होऊन आलेली. मुखपृष्ठं गेलेली, मधली पानं फाटलेली. एका नोंदीत होतं की भूगोलाच्या नऊ पुस्तकांत वेगवेगळी पानं गायब आहेत, पण सगळी मिळून एक पुस्तक पूर्ण होतं. तेव्हा ज्यांचं अक्षर चांगलं आहे त्यांनी गळालेली पानं हाताने उतरवून काढावीत आणि सिस्टर डेलिया यांनी ती ज्या त्या पुस्तकात शिवून द्यावीत.

खोक्याच्या तळाशी त्यातलं एक पुस्तक होतं. मी ते उघडलं. छापील पान, छापील पान, आणि मग एकदम निळ्या शाईत, सुंदर वळणदार अक्षरात ब्राझीलची नदी. कडेला काढलेला नकाशासुद्धा. ओळी अगदी छापील पानाइतक्याच, शेवटचा शब्दही जिथल्या तिथे तुटलेला, म्हणजे पुढचं पान बरोबर जुळावं. आणि शिवण अशी की बोट फिरवलं तरी हाताला लागू नये. दिवसभर दुसऱ्यांची फरशी पुसून आलेल्या हातांनी हे केलं होतं. मी नऊ वर्षं पुस्तकं सांभाळली होती. एखादं पान फाटलेलं दिसलं की मी त्यावर शिक्का मारायचे, 'खराब', आणि ते बाजूला टाकायचे. मला ते पुस्तक टेबलावर ठेववेना.

सिस्टर डेलियांचं नाव प्रत्येक सभेत होतं. हजर. नेहमी हजर. पण त्या कधी काही बोलल्याची नोंद नाही. मी मिस ओपलना विचारलं, या कोण.

"मिस डेलिया," त्या म्हणाल्या आणि खुर्चीत जरा सरसावून बसल्या. "मी तिला फार घाबरायचे."

मग त्यांनी सांगितलं. क्लबचा नियम होता, गल्लीतल्या प्रत्येक मुलाने आठवड्यातून एक दिवस क्लबच्या एका बाईपुढे मोठ्याने वाचायचं. ओपल वाट्याला आल्या डेलियांच्या. डेलिया घरी बसून लोकांचे कपडे इस्त्री करत. शेगडीवर तापवलेल्या लोखंडी इस्त्र्या, वाफ, स्टार्चचा वास. सात वर्षांची ओपल इस्त्रीच्या फळीशेजारी उभी राहून वाचायची. डेलिया पुस्तक कधी हातात घेत नसत. हात ओले आहेत, म्हणायच्या. अडखळलं की एकच शब्द: "पुन्हा."

"एकदा बाहेर मुली दोरीवरच्या उड्या मारत होत्या," मिस ओपल म्हणाल्या, "आणि माझा धडा लांबलचक होता. एक मुलगी बदक घेऊन बाजाराला निघालेली. मी मधल्या चार ओळी सोडल्या. मिस डेलियाने मान वर केली नाही. इस्त्री फिरवता फिरवता म्हणाली, ती मुलगी पुलावर थांबली होती. तिला थांबू दे. मला वाटलं, या बाईला पाठमोरीही पुस्तक दिसतं. त्यानंतर मी आयुष्यात कधी ओळ सोडली नाही."

ईराने गृहपाठातून डोकं वर काढून विचारलं, "वॉज शी मीन?"

"नाही," मिस ओपल म्हणाल्या. "पण ते कळायला मला वेळ लागला."

गल्लीतली शाळा सातवीपर्यंतच होती. पुढे शिकायचं तर या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, काळ्या मुलांसाठी हायस्कूल नव्हतं. वॉशिंग्टनला जायचं, कुणाच्या तरी घरी राहायचं. ओपलना क्लबनेच पाठवलं. त्यांच्या जाण्याची नोंद मी वाचून दाखवली तेव्हा त्यांनी ती तीनदा ऐकली. तेरा वर्षांच्या मुलीबरोबर काय काय दिलं याची यादी होती. दोन झगे, बायबल, शब्दकोश, डब्यात तळलेली कोंबडी. आणि शेवटी, 'सिस्टर डेलिया यांनी स्टेशनपर्यंत पोचवलं.'

"ती चालत आली होती माझ्याबरोबर," मिस ओपल म्हणाल्या. "वाटेत एक शब्द बोलली नाही."

मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी मी मधली एक जुनी वही उघडली. ती आधी वाचायची राहून गेली होती. त्यात ओपल सात-आठ वर्षांच्या असतानाच्या सभा होत्या. हजेरी, प्रार्थना, पत्रं. आणि मग एक नोंद. माझे डोळे माझ्या तोंडाच्या पुढे धावत होते, म्हणून मला ती आधीच दिसली.

लिहिलं होतं: सिस्टर डेलिया यांना अक्षरओळख नाही, हे सर्व भगिनींना ठाऊक आहे. मुलांना मात्र हे कधीही सांगू नये, नाहीतर ती वाचायची थांबतील, अशी त्यांची विनंती आहे. ठराव मांडला. अनुमोदन मिळालं. सर्वांनी मान्य केला. सिस्टर डेलिया यांच्या वतीने त्यांची सही सेक्रेटरीने केली आहे.

मी थांबले. समोर ते मूल बसलं होतं, अठ्ठ्याऐंशी वर्षांचं. त्या सगळ्याजणी गेल्या होत्या आणि एकीनेही हे सांगितलं नव्हतं. मी कोण सांगणारी? बाहेरून आलेली, हर्नडनमध्ये धड दोन वर्षंही न झालेली बाई. मी पान उलटलं आणि पुढचं वाचायला लागले, की मग गाणं झालं आणि सभा संपली.

मिस ओपलनी मान वळवली. "तू काहीतरी गाळलंस."

मी उलटलेलं पान बोटांत धरून ठेवलं.

"अनुमोदन कुणी दिलं ते वाचलं नाहीस. आमच्याकडे पत्रांनंतर कधीच गाणं येत नाही. त्याआधी काहीतरी ठरतं." त्यांचा आवाज चढला नव्हता. "मेधा, मी ऐकू शकणार नाही असं त्यात काही आहे का?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "तुम्हाला सांगायचं नाही, असा त्यात ठराव आहे."

चर्चमध्ये कुणीतरी पियानोवर तोच तोच सूर वाजवून पाहत होतं. मग त्या म्हणाल्या, "वाच."

मी वाचलं. वाचून झाल्यावर त्यांनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले, जसं काही टेबल हलत होतं.

"पण तिला तर धडे पाठ होते," त्या म्हणाल्या. आणि मग, खूप हळू, "पाठ होते. ऐकून ऐकून. माझ्याआधी माझ्या बहिणीने तेच पुस्तक वाचलं होतं. तिच्याआधी शेजारच्या मुलांनी. तिच्या कानांवरून सगळं पुस्तक गेलेलं होतं."

ईरा आता उठून टेबलापाशी आली होती. "बट दॅट्स लायिंग," ती म्हणाली. "त्यांनी सगळ्यांनी मिळून लाय केलं."

मी तिला गप्प करणार होते, पण मिस ओपलनी हात वर केला. "बरोबर बोलतेस. मला सांग, तुझ्या समोरच्या माणसाला वाचता येत नाही हे तुला कळलं असतं, तर तू चार ओळी सोडल्या असत्यास का?"

ईराने प्रामाणिकपणे विचार केला. "प्रॉबेबली," ती म्हणाली.

"मी नक्कीच सोडल्या असत्या," मिस ओपल म्हणाल्या. "आणि मग मी शिक्षिका झाले नसते."

त्या संध्याकाळी घरी येताना मी मनात हिशेब जुळवत होते. एक बाई, जिला स्वतःचं नाव लिहिता येत नाही, दर आठवड्याला फळीशी उभी राहून मुलांचं वाचन ऐकते. ज्या गोष्टीचा एक कणही आपल्या वाट्याला आला नाही, ती दुसऱ्याला पुरेपूर मिळावी म्हणून धडे पाठ करते. आणि फाटलेल्या पुस्तकांत पानं शिवते. त्या पानांवर काय लिहिलंय हे तिला कळत नाही, पण ती उलटी लागत नाहीत. ती कुणाला तरी विचारत असेल, वर कुठली बाजू. प्रत्येक पानाला विचारत असेल. शिक्षण देणारा माणूस म्हणजे ज्याच्याकडे ते आहे असा माणूस, हे मी इतकं गृहीत धरलं होतं की तो माझा समज आहे हेच मला माहीत नव्हतं.

आता दर एप्रिलला ते आठवलं की मला कामाच्या मध्येच थांबावं लागतं. मला आता नोकरीची परवानगी मिळाली आहे, मी इथल्याच एका शाळेच्या लायब्ररीत आहे. मिस ओपल रिचमंडला भाचीकडे राहतात. फोनवर माझा आवाज ऐकला की आधी विचारतात, ईरा काय वाचतेय. हल्ली ती मला विचारून काही वाचत नाही, असं सांगितलं की त्या खूश होतात.

जूनमधल्या त्या सभेला मी टाइप केलेला इतिहास घेऊन गेले होते. पण डेलियांची नोंद त्यात घालायची की नाही हे ठरलं नव्हतं. मी मिस ओपलना विचारलं होतं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "तो ठराव अजून रद्द झालेला नाही. क्लबने केलाय, क्लबच मागे घेईल."

चर्चच्या मागच्या खोलीत पाच बायका बसल्या होत्या. हॅट पाचही जणींनी घातल्या होत्या. त्यांत सगळ्यात तरुण मिस लोरेन, सत्तरीच्या, डेलियांची नात. त्यांच्यासमोर हे निघणार, म्हणून मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. मिस ओपल टेबलाला धरून उभ्या राहिल्या. त्यांनी तो जुना ठराव तोंडपाठ म्हणून दाखवला, शब्दनशब्द. मग म्हणाल्या, "ज्या मुलांपासून हे लपवायचं होतं त्यांतली मी बहुतेक शेवटची. माझं वाचून झालंय. हा ठराव मागे घ्यावा, असं मी सुचवते."

मग मिस लोरेन म्हणाल्या, "माझं अनुमोदन आहे."

"लोरेन," मिस ओपल म्हणाल्या, "तुला माहीत होतं?"

"माझ्या आईने सांगितलं होतं. आणि हेही सांगितलं होतं, की हे आपलं नाही, क्लबचं आहे." त्यांनी हातमोजे काढून पर्सवर ठेवले. "मी तुमच्या शेजारी चर्चमध्ये चाळीस वर्षं बसतेय, मिस ओपल. तुम्ही तिच्याबद्दल बोललात की दर वेळी माझ्या ओठांवर यायचं."

पाच हात वर झाले. मी इतिहास वाचला, सगळा. वाचायला पाऊण तास लागला. क्लब बंद करायचा विषय त्या दिवशी निघालाच नाही. वेळ संपली, असं मिस ओपल म्हणाल्या, आणि पुढची सभा सप्टेंबरच्या पहिल्या गुरुवारी ठेवली. ती झाली. त्यानंतरच्याही झाल्या.

सभा संपल्यावर मिस लोरेननी विचारलं, आजीकडे जायचं का. दफनभूमी चर्चच्या मागेच होती, गवत नुकतंच कापलेलं. आम्ही तिघी गेलो. मिस ओपलनी माझा दंड धरला होता. एका मॅग्नोलियाच्या झाडाखाली गुडघ्याएवढा करडा दगड होता. त्या खाली वाकल्या आणि दगडावर बोटं फिरवायला लागल्या, पण अक्षरं झिजली होती, हाताला लागत नव्हती. त्यांनी दोनदा प्रयत्न केला.

"तिचं नाव बरोबर लिहिलंय का?" त्यांनी विचारलं. "तिला तपासता आलं नसतं."

मी खाली बसले आणि ते नाव मोठ्याने, एकेक अक्षर वाचलं. डी, ई, एल, आय, ए. एकही सोडलं नाही.

"बरोबर आहे," मी म्हटलं.